नागरी हक्क चळवळीने काय मागे ठेवले : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी समान हक्कांसाठी केलेल्या नागरी हक्क चळवळीवरील माझ्या लेखाला आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप दोन आहेत. पहिला असा की, कृष्णवर्णीयांच्या पदरात कागदी कायद्यांपलीकडे काही पडले नाही, कारण आजही सर्वसाधारण गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता कृष्णवर्णीय कुटुंबाच्या सुमारे सहापट आहे. दुसरा असा की, तेथील भारतीयांनी जे मिळवले ते निव्वळ स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवले, या चळवळीशी त्याचा संबंध नाही.

पहिल्या आक्षेपातील आकडा खरा आहे, निष्कर्ष मला मान्य नाही. नुसता कागदी हक्क म्हणजे काय, हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यातल्या कृष्णवर्णीय शेतमजुरांना आपल्या-माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. वर्णावरून कोणाचा मताधिकार डावलता येणार नाही, असे घटनादुरुस्तीने १८७० मध्येच सांगितले होते. तरीही अशाच एक शेतमजूर फॅनी लू हेमर ३१ ऑगस्ट १९६२ रोजी इतर सतरा जणांसह तेथील इंडियनोला गावी मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या, तेव्हा त्यांच्यापुढे ठेवलेल्या अर्जात त्या कोणाकडे कामाला आहेत हे विचारलेले होते, आणि राज्याच्या घटनेतील एका कलमाचा अर्थ लिहून दाखवायचा होता. उत्तर बरोबर की चूक हे नोंदणी अधिकारीच ठरवणार. हेमर नापास झाल्या, आणि कापसाच्या ज्या मळ्यावर त्यांनी अठरा वर्षे काम केले होते, तेथून त्याच दिवशी त्यांना बाहेर पडावे लागले.

१९६५ च्या मतदान हक्क कायद्याने असल्या परीक्षा बंद केल्या आणि नोंदणीसाठी थेट केंद्र सरकारची माणसे पाठवली. मिसिसिपीत कृष्णवर्णीय मतदारांची नोंदणी जेमतेम सात टक्के होती, ती १९६७ पर्यंत साठ टक्क्यांच्या आसपास गेली. रुग्णालयांचेही तसेच झाले, आणि हा भाग आपल्याकडे फारसा लिहिला जात नाही म्हणून मुद्दाम सांगतो. दक्षिणेत वॉर्ड वेगळे असत, काही ठिकाणी रक्ताच्या बाटल्यासुद्धा वेगळ्या ठेवत. १९६६ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर योजना सुरू झाली आणि भेदभाव करणाऱ्या रुग्णालयाला तिचा पैसा मिळणार नाही, असे सरकारने बजावले. चारेक महिन्यांत हजाराहून अधिक रुग्णालयांनी वेगळेपणा मोडला.

आता आपण दिलेल्या मालमत्तेच्या आकड्याकडे येऊ. सामान्य अमेरिकी कुटुंबाची पुंजी म्हणजे मुख्यतः त्याचे घर. घर विकताना किंवा भाड्याने देताना वर्णभेद करण्यास बंदी घालणारा १९६८ चा कायदा मात्र अंमलबजावणीचे दात काढून घेऊनच संमत झाला. सरकारी खाते तक्रार ऐकून समेट घडवू शकत होते, दंड करू शकत नव्हते, आणि ही उणीव १९८८ मध्ये दूर झाली. सहापटीच्या दरीला गुलामगिरीपासूनची आणखीही कारणे आहेत. पण जिथे अंमलबजावणीची तरतूद होती तिथे वर्ष-दोन वर्षांत फरक पडला, आणि जिथे नव्हती तिथे वीस वर्षे हातची गेली, हे विसरून चळवळीलाच दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

२०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मतदान हक्क कायदा दुबळा झाला, हे आपले म्हणणे बरोबर आहे आणि त्याचे मला मनापासून दुःख आहे. पण भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यावी, ही त्या कायद्यातील पूर्वमंजुरीची अट या निकालाने निष्प्रभ झाली त्याच दिवशी टेक्सासने मतदार ओळखपत्राचा अडवून ठेवलेला कायदा लागू करण्याची घोषणा केली. ती अट तोपर्यंत काय थोपवून धरत होती, हे त्यावरून कळते.

दुसऱ्या आक्षेपाबद्दल. भारतीय माणूस 'गोरा' नाही म्हणून त्याला अमेरिकेचे नागरिकत्व घेता येणार नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात दिला होता. १९४६ मध्ये ती बंदी उठली, पण भारताचा वार्षिक कोटा ठरला अवघा शंभरांचा. ज्या संसदेने ऑगस्ट १९६५ मध्ये मतदान हक्क कायदा संमत केला, तिनेच त्याच वर्षी ही मूळ देशावर बेतलेली कोटापद्धती मोडीत काढली. चळवळीने वर्णभेदाविरुद्ध लोकमत तापवले नसते, तर ते इतक्या सहजी घडले नसते, असे माझे ठाम मत आहे. मुंबई-पुण्या-नागपूरहून गेलेले आपले डॉक्टर आणि अभियंते बहुतांशी त्यानंतरचे. त्यांची गुणवत्ता आणि कष्ट मी नाकारत नाही. मात्र सत्तरच्या दशकात दक्षिणेतल्या रुग्णालयांत रुजू झालेल्या भारतीय डॉक्टरांनी ज्या वॉर्डांत सर्व वर्णांचे रुग्ण शेजारीशेजारी तपासले, त्यांतले कित्येक वॉर्ड १९६६ पर्यंत कृष्णवर्णीय रुग्णांना बंद होते.