परत तेच बटर चिकन!

परदेशात इंडियन फूड हिट झालं की आपल्याकडे लगेच फॉरवर्ड सुरू, अभिमान वाटतो वगैरे. अरे पण एकदा मेनू उघडून बघा ना! लंडन घ्या नाहीतर टोरांटो, बटर चिकन, साग पनीर, गार्लिक नान, मँगो लस्सी, संपला भारत. २००१ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक चिकन टिक्का मसाल्याला ब्रिटनची खरीखुरी राष्ट्रीय डिश म्हणाले होते, आणि तिथली कितीतरी 'इंडियन' रेस्टॉरंट्स चालवली सिल्हेटहून गेलेल्या बांगलादेशी लोकांनी, त्यांचं नाव कुणी घेतंय का? बरं, वेगळं चालत नाही म्हणावं तर न्यूयॉर्कच्या 'सेम्मा' रेस्टॉरंटने तमिळ गावाकडची गोगलगाय वाढून २०२२ मध्ये मिशलिन स्टार, म्हणजे रेस्टॉरंटसाठीचा मोठा मान, मिळवला की! मग आमच्या भरल्या वांग्याने, कोंबडी-वड्यांनी, पांढऱ्या रश्श्याने कुणाचं काय घोडं मारलंय?

आणि सगळ्यात डोक्यात जाते ती इथे भाकरीला नाकं मुरडणारी जमात, तिकडच्या मेनूत ज्वारी ग्लुटेन-फ्री म्हणून आली की हेच फोटो टाकणार. आई इतकी वर्षं थापतेय, तिच्या भाकरीचा एक फोटो काढला नाही मेल्यांनी.