गोधडीला आलेली भरती

मालवणात राहून लाटांचं अप्रूप कुणाला? पण त्यांनी किनाऱ्यावरच राहावं. भाचीच्या मुलीच्या बारशासाठी शिवलेली गोधडी मी माजघरात अंथरली, तर मधोमध ती निमूट बसली आणि चारी कडांना भरती आली. शेजारच्या माई सुपारी कातरत पडवीतून डोकावल्या. "गो बाय, ही गोधडी काय फणसाचो पापड?"

उपमा बिनतोड होती. उन्हात वाळताना पापड कडा उचलतो ना, हुबेहूब तशी.

आधी इस्त्री घेतली. वाफ सोडून काठ चांगला रगडला, तर तो आणखी लांबला. ओलसर गरम सुती कापड पुढे ढकललं की ताणायचंच. इस्त्री टेकवावी, उचलावी, पुढे टेकवावी. हे शहाणपण अर्थात रगडून झाल्यावर.

मग टेप काढली. गोधडी मध्यावर 42 इंच, काठाला 45! हे तीन इंच माझ्याच हातचे. काठाला जोडायची कापडी पट्टी न मोजता लांबलचक घ्यायची, मशीनवर सरसर लावत जायचं आणि टोकाला उरेल ती कापून टाकायची, ही माझी वर्षानुवर्षांची पद्धत. मशीनचे सुईखालचे दाते खालचं कापड पुढे ओढतात आणि वरचं मागे रेंगाळतं. पट्टी नेमकी खाली होती. दाते ती भराभर गिळत होते आणि मी खूश, काय झरझर काम होतंय!

त्यात सासूबाईंच्या विरलेल्या नऊवारीतले तुकडे भोकं चुकवत तिरके कापलेले. उरेब कापड नुसतं बघितलं तरी ताणतं. शिवाय उत्साह होता तोवर मध्ये बोटाबोटावर धावदोरा, पुढे कडेला वीतवीत मोकळं. मधलं आक्रसलं, कडेचं फुगलं.

दोन संध्याकाळी उसवण्यात गेल्या. माई रोज हजर. "आमी कदी टेप धरलेली नाय हां." त्यांच्या गोधड्या बाकी सपाट असतात. हाताच्या सुईला दाते नसतात, एवढं मी मनात म्हटलं.

या वेळी गोधडी मधून तीन ठिकाणी मोजली: 42, सव्वाबेचाळीस, पावणेबेचाळीस. सरासरी 42. समोरासमोरच्या पट्ट्या एकाच मापाच्या, उभ्या धाग्यावर कापलेल्या. उरेब कडांवर आधी एक साधी शिलाई मारून त्यांना वेसण घातली. मग टाचण्या: पहिली मध्यावर, दोन टोकांना, उरलेल्या अधेमधे. आणि सैल बाजू मुद्दाम खाली. दात्यांना ओढायचंच आहे ना, मग ओढा म्हटलं. शेवटी कडेलाही मधल्याइतकेच दाट टाके घातले.

लाटा ओसरल्या. कोपरे तेवढे अजून रुसलेले. तेव्हा अख्खी गोधडी ओली करून फरशीवर पसरली, थोपटून चौकोनात आणली आणि वजनासाठी यांना हाक मारली. यांनी कुंपणाच्या गडग्याचे उरलेले चार चिरे आणून कोपऱ्यांवर ठेवले. आषाढातला पाऊस, गोधडी पंख्याखाली वाळायला चार दिवस लागले.

चिरे उचलले. कोपरे चटईसारखे सपाट, आणि पांढऱ्या काठावर जांभ्याचे चार तांबडे चौकोन.

बारशाला भाचीने ते कुरवाळले. "मावशी, कोपऱ्यांना हा गेरूचा रंग किती गोड दिलायस!"

"नैसर्गिक आहे," मी म्हटलं. माईंना सुपारी लागली.