मिनियापोलिसचा नदीकाठ दाखवताना

पुण्यात मुळा-मुठेचे काठ बांधून सुशोभित करण्याच्या नदीकाठ प्रकल्पावरून वाद पेटला की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या स्टोन आर्च पुलाचा फोटो येतो. मागे मिसिसिपीचा धबधबा, काठाने सायकलवाटा, जुन्या गिरण्यांच्या देखण्या इमारती. खाली ठरलेला प्रश्न: तिकडे जमतं, मग आपल्याकडे का नाही? मी मिनियापोलिसमध्येच राहतो. त्या पुलावर चालायला मला मनापासून आवडतं. म्हणूनच तो फोटो पुरावा म्हणून पुढे केला जातो तेव्हा गप्प बसवत नाही.

हे शहर मुळात लाकूड कापण्यासाठी वसलं. १८३७ साली अमेरिकी सरकारने ओजिब्वे आणि दाकोटा या इथल्या मूळनिवासी लोकांशी दोन वेगळे करार केले आणि मिसिसिपीच्या पूर्वेकडची जमीन, तिच्यावरच्या पाइनच्या जंगलासकट, ताब्यात घेतली. पुढच्या वर्षी करारांना मंजुरी मिळाल्याची बातमी आली आणि फोर्ट स्नेलिंगच्या लष्करी ठाण्यावर दुकान चालवणाऱ्या फ्रँकलिन स्टीलने धबधब्याच्या पूर्व काठावर हक्क सांगितला. मेन राज्यातून आर्ड गॉडफ्री नावाचा गिरण्या बांधणारा माणूस बोलावला, बांध घातला आणि १८४८ मध्ये करवती फिरू लागल्या. उत्तरेच्या जंगलात तोडलेले ओंडके नदीत सोडायचे, प्रवाहाने ते खाली यायचे, धबधब्याच्या जोरावर त्यांच्या फळ्या व्हायच्या. १८४९ मध्ये सेंट अँथनी गावाची आखणी झाली. समोरच्या काठावर मिनियापोलिस उभं राहिलं आणि १८७२ मध्ये दोन्ही एक झाली.

इथल्या कौतुकाच्या कहाण्या बहुधा याच गिरणीपासून सुरू होतात. पण दाकोटा लोक या धबधब्याला ओवाम्नियोम्नी म्हणत आणि ती त्यांची पवित्र जागा होती. १८५१ च्या करारांनी पश्चिमेकडची जमीनही गेली. ठरलेले पैसे आणि धान्य वेळेवर मिळेना, उपासमार झाली, १८६२ मध्ये युद्ध पेटलं. त्या डिसेंबरात मँकेटो इथे ३८ दाकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली. बायका, मुलं, म्हातारे मिळून सुमारे १,६०० जणांना फोर्ट स्नेलिंगच्या पायथ्याशी ऐन हिवाळ्यात डांबून ठेवलं आणि पुढच्या वर्षी राज्याबाहेर हाकललं. धबधब्याच्या खालच्या अंगाला एक छोटं बेट होतं, तेही त्यांना पवित्र. चुनखडीसाठी ते पोखरलं गेलं आणि जे उरलं ते जहाजांना धबधब्याच्या वर-खाली नेणारी पाण्याची पायरी (लॉक) बांधताना १९६० मध्ये काढून टाकलं.

नदीचं काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. या धबधब्याच्या माथ्यावर चुनखडीचा पातळ थर आहे आणि त्याखाली सहज झिजणारा वाळूचा दगड. बांध आणि ओंडक्यांच्या माऱ्याने झीज वाढली. त्यात वरच्या बेटावरच्या गिरण्यांसाठी नदीच्या तळाखालून बोगदा खणायला घेतला. ऑक्टोबर १८६९ मध्ये त्याचं छत फुटलं आणि नदी आत शिरली. शहराच्या पोटापाण्याचा धबधबाच वाहून जाणार म्हणून लोकांनी लाकडं, माती, हाताला येईल ते त्या भगदाडात टाकलं. लष्करी अभियंत्यांनी तळाखाली बांधलेली भिंत पुरी व्हायला १८७६ उजाडलं. म्हणजे पहिली करवत फिरल्यापासून एकवीस वर्षांत माणसांनी हा धबधबा जवळजवळ संपवला होता. आज फोटोत दिसतो तो काँक्रीटचा उतार आहे, त्यावरून पाणी घसरतं.

जंगलाचीही तीच गत. तोडीनंतर सुकलेल्या फांद्यांचे ढीग तसेच पडून राहायचे. १८९४ च्या सप्टेंबरात हिंकली गावाला लागलेल्या वणव्यात चारशेहून अधिक माणसं गेली. पुढे पाइन संपत आला आणि १९२० च्या आसपास इथल्या लाकूडगिरण्याही बंद पडल्या.

मग हा देखणा काठ आला कुठून? पुण्यातल्या मित्रांना मी हाच क्रम पुन्हा पुन्हा सांगतो. अनेक दशकं ही नदी शहराचं गटार होती. मिनियापोलिस आणि शेजारच्या सेंट पॉल शहराचं सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र १९३८ मध्ये सुरू झालं. आगगाडीचा स्टोन आर्च पूल पायी चालणाऱ्यांसाठी खुला झाला १९९४ मध्ये. मधे छप्पन्न वर्षं आहेत. फरसबंदी, बाकं, दिवे हे सगळं पाणी सुधारल्यानंतर आलं.

प्रकल्पाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं एक म्हणणं मला पटतं. आज मुठेच्या काठी दुर्गंधीमुळे उभं राहवत नाही आणि शहराला आपली नदी परत हवी आहे, ही ओढ खरी आहे. पण त्यासाठी आधी काठ बांधून काढायचे आणि सांडपाण्याचं काम मागून पुरं होत राहील म्हणायचं, हे मला मान्य नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये झाडांसाठी चिपको मोर्चा काढणाऱ्या पुणेकरांना विकासाचे शत्रू ठरवणं तर अन्यायच आहे. २०२४ च्या जुलैत सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, माणसांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. काठ बांधून पात्र आवळलं तर हे पाणी कुठे जाणार, हा मोर्चेकऱ्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

इथे आता दाकोटा लोकांच्या पुढाकाराने धबधब्याशेजारची काही जागा पुन्हा मोकळी करायची, तिथे पाणी खेळवायचं आणि स्थानिक झाडं लावायची असा आराखडा पुढे सरकतो आहे. एका श्रीमंत शहराला आपलंच काँक्रीट उखडायला दीडशेहून अधिक वर्षांनी पैसे उभे करावे लागताहेत. पुण्यातलं काँक्रीट अजून सगळं ओतलेलं नाही. उरलेल्या टप्प्यांना हात लावण्याआधी महापालिकेने पूररेषा, तोडायची झाडं आणि रोज नदीत जाणारं न शुद्ध केलेलं पाणी, या तिन्हींचा हिशोब प्रभागाप्रभागात लोकांसमोर मांडावा आणि तोवर काम थांबवावं.