तुझं बोर्ड कुठलं?

आज सकाळी प्रोफेशन टॅक्स भरला. वर्षाचे २,५०० रुपये. जूनच्या आत भरावा लागतो, उशीर झाला की वर व्याज. फेब्रुवारीपासून हाताला काम नाही, तरी भरला.

तात्या शेजारी चहा घेत बसले होते. लॅपटॉपकडे वाकून बघत म्हणाले, "बेकारीभत्त्याचा अर्ज भरतीस व्हय?"

"नाही तात्या, टॅक्स भरतेय."

"काम न्हाई तर टॅक्स कसला?"

मी काहीतरी समजावलं, त्यांना पटलं नाही. बशीत चहा ओतून घेतला, दोन घोट घेतले आणि एकदम विचारलं, "तुझं बोर्ड कुठलं गं?"

दिवसभर तो प्रश्न डोक्यातून गेलेला नाही. म्हणून लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

माझे तात्या माथाडी कामगार. आधी मसजिद बंदर, मग वाशी मार्केट. शंभर-शंभर किलोच्या गोण्या पाठीवर वाहिल्या. उजव्या तळहातावर हुकाचा वण अजून आहे, मूठ नीट मिटत नाही. आयुष्यभर ते कुणा एका शेठचे नोकर नव्हते. आज या गाळ्यावर, उद्या त्या, टोळी जाईल तिकडे. आम्हाला आज जे "फ्रीलान्स" म्हणून सांगतात ना, तेच. फक्त त्यांच्याकडे लॅपटॉपऐवजी हुक होता.

अशा माणसांचा मालक कोण, ही अडचण तेव्हाही सांगितली जायचीच. व्यापारी म्हणायचा, हा माझा माणूस नाही, उद्या दुसऱ्याकडे असेल. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र करून लढा दिला आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मालक एक नाही ना, मग बोर्ड करा, म्हणजे मालकाच्या जागी एक मंडळ. व्यापाऱ्यानं मजुरी बोर्डात भरायची, वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरलेली जादा रक्कम, भरायची, आणि त्यातून कामगाराला पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी सुट्टी, दवाखाना. माझ्या कॉलेजची फी तात्यांनी पीएफमधून पैसे काढून भरली आहे. म्हणजे ज्या माणसाला मालकच नव्हता, त्याच्या पीएफवर मी डिझायनर झाले.

आणि मला पीएफ नाही.

सहा वर्षं एकाच कंपनीत बसले. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एका कंपनीचा नाही. अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, संपलं की नवीन, पुन्हा अकरा महिने. पद "कन्सल्टंट". नोकरदारांच्या आयकार्डला निळी फीत आणि आम्हाला नारिंगी. वेळ तीच, मीटिंग त्याच, रात्री बाराला "हे तेवढं सकाळपर्यंत दे" म्हणणारा मॅनेजर तोच. फेब्रुवारीत आमची पूर्ण टीमच बंद केली. शेजारच्या टेबलावरच्या निळ्या फितीवाल्या मुलाला नोटीस पिरियडचा पगार मिळाला आणि दरवर्षाच्या पंधरा दिवसांच्या हिशेबानं ग्रॅच्युइटी मिळाली. मिळायलाच हवी होती, त्याच्या पदरी दोन लहान मुलं आहेत. मला ईमेल आला की तुमचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं जाणार नाही. चार वाजता गेटवरच्या वॉचमननं हात पुढे केला आणि मी फितीसकट कार्ड त्याच्या हातात ठेवलं. त्याची नजर खाली होती. तोही कॉन्ट्रॅक्टवरचाच.

आता कुणी म्हणेल, तू स्वतःच्या मर्जीनं फ्रीलान्सर झालीस. ठीक आहे, पहिल्या वर्षी हातात चार पैसे जास्त येतात म्हणून मी खूश होते, हे खरं आहे. पुढच्या पाच वर्षांत मी तीनदा विचारलं की मला पेरोलवर घ्या, आणि तिन्ही वेळा "पुढच्या क्वार्टरला बघू" हेच उत्तर मिळालं. ही मर्जी कुणाची?

बेकारीभत्ता आपल्या देशात अगदीच नाही असं नाही. २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आणली. नोकरी गेली तर सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस. पण ती ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, विमाधारक कामगारांसाठी. ईएसआयची पगाराची मर्यादा २१,००० रुपये, आणि मुळात तुम्ही कुणाचे तरी कामगार असायला हवं. मी कागदावर कुणाचीच कामगार नाही. मी व्यावसायिक. अर्जात पहिल्याच रकान्यात विमा क्रमांक विचारतात आणि आपण तिथंच थांबतो.

नवीन सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार, म्हणजे कुणाचे पक्के नोकर नसलेले, मिळेल ते काम करणारे, हा शब्द आला. २०२० चा कायदा, लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं. ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत द्यायची. चांगलं आहे, त्या पोरांना उन्हातान्हात गाडी चालवताना विमा तरी मिळेल. विमा, आरोग्य, मातृत्व, म्हातारपण, सगळं त्यात लिहिलं आहे. काम गेलं तर काय, त्यावर शब्द नाही. अपघात झाला तर विचारतील, आणि काम गेलं तर? घरात काम जाणं हा अपघात नसतो का?

सकाळपासून सगळ्यात जास्त काय झोंबतंय ते सांगते. मी भरलेला हा प्रोफेशन टॅक्स महाराष्ट्रात १९७५ साली सुरू झाला तोच रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. ७२ च्या दुष्काळात माझे थोरले चुलते खडी फोडत होते. आजही ते दिवस आठवले की बोलता बोलता थांबतात. त्या दुष्काळातून वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना उभी राहिली, पुढे १९७७ चा कायदा झाला. त्यात साधी गोष्ट होती. काम मागा, पंधरा दिवसांत काम द्या, देता आलं नाही तर बेकारीभत्ता द्या. शहरात नोकरीधंदा करणाऱ्यांनी टॅक्स भरायचा आणि गावातल्या हाताला काम मिळायचं. मला त्या टॅक्सचा राग नाही, कधीच नव्हता. माझे २,५०० रुपये गावाकडं कुणाच्या चुलीला लागत असतील तर घ्या, दरवर्षी घ्या. पण काम नसेल तर भत्ता, हा विचार ज्या राज्यानं कायद्यात लिहिला, आणि मालक नसलेल्या हमालाला बोर्ड ज्या राज्यानं दिलं, ते राज्य मला सांगतं की तुमच्यासारख्यांचं काही करता येत नाही? दोन्ही गोष्टी आपल्या घरात आहेत! बाहेरून काही आणायचं नाही!

आमच्यासारख्यांना भत्ता दिला तर खोटे अर्ज येतील म्हणतात. येतील. माथाडीच्या नावाखाली खंडणी गोळा करणारे टगेही झालेच की, ते मी नाकारत नाही. पण माझ्या प्रत्येक बिलातून १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे हातात यायच्या आधीच आयकर, कापला जातो, कुठल्या कंपनीनं कधी किती दिले ते सगळं आयकर खात्याच्या २६ एएस या उताऱ्यात दिसतं. माझं उत्पन्न कुठल्या महिन्यात थांबलं हे आयकर खात्याला माझ्या आईच्या आधी कळलं असेल. घेताना मी दिसते. मग द्यायच्या वेळी पुरावा कुठून आणायचा हा प्रश्न का पडतो?

मला फुकट नको आहे. बिल देताना कंपनीनं दोन टक्के वर भरावेत, दोन टक्के माझ्यातून कापावेत, एका बोर्डात जमा व्हावेत. डिझायनर, अनुवादक, एडिटर, कॉपीरायटर, शूटिंगवाले, क्लास घेणारे, सगळे त्यात. काम नसेल तेव्हा तीन महिने निम्मं तरी मिळावं. तीन महिन्यांत माणूस उभा राहतो. माझा चौथा चालू आहे. बचत होती म्हणून तरले. "बचत करायची ना" म्हणणाऱ्यांना सांगते, केली होती, आता संपत आली.

लिहिता लिहिता चिडले. कुणाला टोचलं असेल तर राहू दे, पुसत नाही. एवढंच की माझ्या मित्रयादीतले निम्मे लोक माझ्यासारखेच नारिंगी फितीवाले आहात आणि आपण एकमेकांना "सध्या काय चालू आहे?" विचारलं की "एक-दोन प्रोजेक्ट बोलणी चालू आहेत" असं सांगतो. मीही चार महिने तेच सांगितलं. कुठलीही बोलणी चालू नाहीत. आज लिहून टाकलं.

तात्यांना दुपारी जेवताना म्हटलं, आमच्यात बोर्ड नसतं. ते म्हणाले, "आमच्यात तरी कुठं व्हतं आधी?" आणि हात धुवायला उठले.

मघाशी त्यांनी कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात त्यांचं बोर्डाचं ओळखपत्र आहे, पीएफच्या चिठ्ठ्या, रबर लावून नीट ठेवलेल्या. कार्ड काढून माझ्या कीबोर्डवर ठेवलं. कोपरे झिजलेत, तरुण तात्यांचा काळा-पांढरा फोटो अर्धा पुसलाय. "त्या अर्जात नंबर मागत्यात न्हवं? ह्यो टाकून बघ, चालतंय का." मी सकाळी टॅक्स म्हणून सांगितलेलं त्यांच्या लक्षात नाही, किंवा त्यांनी ते खरं मानलं नाही.

ते झोपलेत. कार्ड अजून इथंच आहे, लॅपटॉपच्या बाजूला. परत कसं देऊ ते सुचत नाहीये.