काळी मॉली तुमची नजर घेऊन मेलेली नाही

"घरातले मासे सारखे मरतात? हा मेसेज डिलीट करू नका" अशा सुरुवातीचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, मी दोन्हीकडे न बोलता सोडून दिला. आता तो ठाण्याला माझ्या आत्याकडे पोचलाय आणि तिनं तो शब्दशः पाळायला घेतलाय. तिची काळी मॉली (शोभेचा छोटा मासा) मेली तेव्हा मी हळहळलो, तर मलाच समजावणीच्या सुरात म्हणाली, "अरे, बरंच झालं गेली ती. कुणाची तरी दृष्ट होती, तिच्यावर निभावलं." आणि त्याच संध्याकाळी दुसरी आणली. तिसरीची वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

मेसेज ज्यांना आला नसेल (भाग्यवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात. काचेच्या गोल भांड्यात आठ सोनेरी मासे आणि एक काळी मॉली ठेवा. मॉली कणखर असते, फिल्टर-बिल्टर दुकानदारांची लूट आहे. आरओचं शुद्ध पाणी घाला. दर रविवारी सगळं पाणी फेकून भांडं आणि खडे नळाखाली खळखळून धुवा. मासा सुस्त दिसला तर मूठभर मीठ आणि चिमूटभर हळद. मॉली "नाचायला" लागली की समजा ती घरातली नकारात्मक ऊर्जा ओढून घेतेय. मेली तर तुमच्यावरचं संकट टळलं, रडू नका, लगेच नवी आणा. नर नसताना पिल्लं झाली तर लक्ष्मी येणार. शेवटी अर्थातच अकरा जणांना पाठवा.

नऊ माशांचा प्रकार फेंगशुईतून आलाय. मेसेज लिहिणाऱ्यानं त्यात वास्तू आणि आपली दृष्ट घालून चांगली फोडणी दिलीय. कुणाची श्रद्धा कशावर असावी यात मला पडायचं नाही. भांडण एका वाक्याशी आहे: मेली तर चांगलंच. कारण या एका वाक्यानं बाकीच्या सगळ्या चुकांना माफी मिळते. मासा मेला की माणूस एरवी निदान विचार तरी करतो, पाण्याला वास येतोय का, खाणं जास्त झालं का. इथं मरण म्हणजे काम फत्ते! मग पाणी कोण तपासणार? त्याच पाण्यात दुसरी सोडायची, ती मेली की तिसरी. दुकानदाराला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठलं?

मेसेजवाल्याचा पुरावाही ऐका: सोनेरी मासे जगतात आणि काळीच मरते, म्हणजे ऊर्जा तीच ओढून घेते. निरीक्षण खोटं नाही, हे कबूल करायला हवं. असं खरंच होतं. पण सोनेरी मासा म्हणजे गोल्डफिश ही कार्प कुळातली जात, थंड पाणी, कमी ऑक्सिजन, मऊ म्हणजे कमी क्षारांचं पाणी असलं बरंच काही ती चालवून घेते. मॉली मूळची मेक्सिको, मध्य अमेरिका आणि अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्याकडची. तिला 24 ते 28 अंशांचं, क्षारांनी जड आणि पी-एच (पाण्याच्या आम्लतेचं माप, 7 म्हणजे मध्यम, त्यावर अल्कधर्मी) साडेसातच्या वरचं पाणी लागतं. नऊ माशांत त्या भांड्याला सगळ्यांत कमी जुळणारा मासा तोच, म्हणून आधी तोच जातो. शिवाय काळ्या अंगावर पांढरे ठिपके किंवा बुरशीचा कापूस लांबूनही दिसतो, सोनेरीवर जवळ जाऊन बघावा लागतो. आणि तो काळा रंग माणसानंच निवडून निवडून पैदास करून पक्का केलाय. रानातल्या मॉल्या बहुतेक करड्या-रुपेरी, ठिपक्यांच्या असतात. त्या बिचाऱ्यांनी कुणाची दृष्ट घ्यायची?

आता ते "नाचणं". आत्यानं मला कौतुकानं व्हिडिओ पाठवला होता, म्हणून नीट बघता आलं. मासा एका जागी थांबलाय. पंख अंगाला चिकटलेत, वरचा पंख उभा राहतच नाहीये. डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग डावी-उजवीकडे वळवळतंय, पोहताना हलतं तसंच, पण मासा बोटभरही पुढे सरकत नाही. मधेच तो तोंड पाण्याच्या वर काढतो, दोन-तीनदा उघडझाप करतो आणि परत जागेवर येऊन तीच वळवळ. मासे पाळणारे याला शिमी म्हणतात. हा स्वतंत्र रोग नव्हे, लक्षण आहे. पाणी फार मऊ, फार गार किंवा घाण झालं की मॉलीत हमखास दिसतं. या वेळी पाणी सुधारलं तर मासा पुष्कळदा वाचतो. नेमक्या त्याच वेळी मेसेज सांगतो, हात लावू नका, ऊर्जा ओढणं चाललंय. यापुढे काय बोलायचं!

दुसरं थोतांड म्हणजे "कणखर आहे, फिल्टर नको". इथं जरा थांबावं लागेल, कारण मासे मारणारी खरी गोष्ट ही आहे.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. फिल्टरचं मुख्य काम पाणी चकचकीत करणं हे नाही. त्याच्या स्पंजवर जिवाणू वस्ती करतात, ते अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. पहिली दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य. ही वस्ती उभी राहायला चार-सहा आठवडे लागतात. गोल भांड्यात फिल्टर नाही म्हणजे ही वस्तीही जवळपास नाहीच, आणि त्यात आठ गोल्डफिश. गोल्डफिश म्हणजे घाण करण्यात अव्वल, आणि नीट वाढला तर एकेक वीतभर होतो. आठांना शेकडो लिटरची टाकी लागेल. मेसेजातलं भांडं चित्रावरून फार तर दहा लिटरचं.

मॉलीच्या बाबतीत आणखी एक मेख आहे, ती दुकानात सहसा कुणी सांगत नाही. फ्लोरिडा विद्यापीठाच्या कृषी विस्तार विभागाची अमोनियावरची एक माहितीपत्रिका आहे. फ्लोरिडा म्हणजे मॉलीचं माहेरच, आणि शोभेच्या माशांची शेती करणाऱ्यांचंही. या पत्रिकेत 1975 साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाच्या आधारे कोष्टक दिलंय. पाण्यातला सगळा अमोनिया सारखा विषारी नसतो. किती भाग विषारी रूपात राहणार हे पी-एच आणि तापमानावर ठरतं. 25 अंशांना पी-एच 7 असेल तर एकूण अमोनियाचा साधारण 0.57 टक्के भाग विषारी, आणि पी-एच 8 असेल तर सुमारे 5.4 टक्के. म्हणजे जवळपास दहापट. समजा टेस्ट किटनं लिटरला 2 मिलिग्रॅम दाखवले. पी-एच 7 ला त्यातला विषारी भाग 0.01 च्या आसपास, पी-एच 8 ला 0.1 च्या वर. त्याच पत्रिकेनुसार 0.05 च्या पुढे माशाला इजा होऊ लागते. मॉलीला मानवतं ते पाणी पी-एच 8 च्या बाजूचं. तिच्या आवडीच्या पाण्यातच अमोनिया जास्त चावतो, त्यामुळे इतर माशांना एखादवेळ चालून जाईल अशी हयगय तिला चालत नाही. फिल्टरची गरज तिला इतरांहून जास्तच.

कणखरपणाची गोष्ट मात्र सरसकट खोटी म्हणता येत नाही, हे नाइलाजानं लिहितो. मेक्सिकोच्या ताबास्को राज्यात गंधकयुक्त झऱ्यांमध्ये, एका गुहेच्या अंधारातसुद्धा, मॉलीची एक जात राहते. तिथल्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, बहुतेक मासे त्यात टिकणार नाहीत. पण तो पिढ्यानपिढ्यांच्या निवडीचा परिणाम आहे. चेन्नईच्या कोळत्तूरकडून किंवा आणखी कुठून पिशवीत बसून प्रवास करून आलेल्या, शेततळ्यात वाढलेल्या मॉलीकडून तीच अपेक्षा धरायची हा अन्याय आहे.

आरओचं पाणी. "शुद्ध" हा शब्द दिसला की आपल्याकडे लोक हात जोडतात. आरओ पाण्यातले क्षार काढून टाकतो, आणि मॉलीला हवे असतात ते नेमके कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. मुंबई-ठाण्याचं धरणातलं पाणी आधीच मऊ, ते आणखी मऊ करून मॉलीला घालायचं म्हणजे वर वर्णन केलेला नाच घरपोच मागवायचा. उलट सोलापूर-लातूरकडे ज्या बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर चढतो आणि डाळ शिजत नाही, ते मॉलीला पुष्कळदा मानवतं. मऊ पाणी असेल तर तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, घासून जाळीच्या पिशवीत फिल्टरजवळ ठेवा. कॅल्शियम हळूहळू उतरतं. घाई असेल तर दुकानात क्षारांची भुकटी मिळते.

रविवारची धुलाई हा मेसेजातला सगळ्यांत पटणारा आणि म्हणून धोक्याचा सल्ला. स्वच्छता कुणाला नको? पण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, असायलाच हवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन सांगितलाय. आपल्या पोटाला तो काही करत नाही. माशांच्या कल्ल्यांना तेवढाही जाळतो आणि स्पंजवरच्या जिवाणूंनाही मारतो. म्हणजे दर रविवारी वस्ती उठवायची आणि सोमवारपासून शून्यातून सुरुवात. आठवड्याला साधारण पाव टाकी पाणी बदला. नवं पाणी आदल्या रात्री बादलीत काढून शिळं करा, त्यात हवेचा दगड (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा) सोडला तर उत्तम. महापालिका क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं, सहज न उडणारं संयुग) वापरत असेल तर शिळं करून भागत नाही, दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन लागतंच. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यात, दोनदा पिळायचा, बास. तो पांढराशुभ्र निघाला पाहिजे असा हट्ट आत्या अजून सोडत नाही.

मिठाचं काय? इथे मेसेजवाल्याला अर्धा गुण द्यावा लागतो. मॉली खाऱ्या पाण्याला सरावते, खाडीच्या मचूळ पाण्यात सहज राहते, हळूहळू सवय लावली तर समुद्राच्या पाण्यातही. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, त्यामुळे नव्या टाकीत तो खरोखर उपयोगी पडतो. आयोडीनयुक्त मिठानं मासे मरतात असं जे उलट्या बाजूचे लोक सांगतात तेही अतिरंजित आहे, तेवढ्या आयोडीननं काही होत नाही. पण मूठ हे माप झालं का? दहा लिटरच्या भांड्यात एकदम मूठभर मीठ ओतणं म्हणजे माशाला दणका. लिटरला एक ग्रॅमपासून सुरुवात, तीही वेगळ्या भांड्यात विरघळवून थोडी थोडी. पाणी उडून जातं, मीठ नाही, म्हणून वरून पाण्याची भर घालताना पुन्हा मीठ घालायचं नाही. आणि मिठानं पाणी जड होत नाही, ती वेगळी गोष्ट. सोबत झाडं असतील तर ती आधी माना टाकतील.

हळद वरणात घाला. पाणी पिवळं होतं, तळाशी गाळ बसतो, तो कुजतो. पुढे.

राहिली लक्ष्मी. मॉली अंडी घालत नाही, साधारण महिन्याभरानं पोहती पिल्लंच टाकते, एका वेळी वीस-चाळीस, मोठी मादी असेल तर त्याहून जास्त. एकदा नराशी संबंध आला की मादी त्याचं बीज शरीरात साठवून ठेवते आणि त्यावर पुढचे काही महिने एकामागून एक विणी होतात. दुकानातल्या टाकीत नर-मादी एकत्रच ठेवलेले असतात, त्यामुळे तुम्ही घरी आणलेली एकटी मादी बहुधा पोटुशीच असते. चमत्कार वगैरे काही नाही. पिल्लं वाचवायची असतील तर दाट झाडं किंवा तरंगणारं शेवाळ ठेवा, नाहीतर आईच ती खाते. वाचली आणि फार झाली की दुकानदार ठेवून घेतो, बहुतेक वेळा फुकट. मग तोच ती जोडीच्या भावानं विकतो, म्हणजे लक्ष्मी येते हे खरं, फक्त त्याच्या घरी.