खुलासा: हायलाइट सरकतो तो 100 च्या गॅपमुळे नाही

मुंबईतल्या सर्चवाल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘इलास्टिकसर्चमध्ये एका फील्डला अनेक व्हॅल्यू दिल्या की दुसरीपासून हायलाइट 100 अक्षरं पुढे सरकतो, पोझिशन इन्क्रिमेंट गॅप शून्य करा.’ कृपया करू नका. (इलास्टिकसर्च म्हणजे मजकूर शोधणारं सॉफ्टवेअर; हायलाइट म्हणजे निकालात सापडलेला शब्द ठळक दाखवणं.)

तो 100 चा आकडा खरा आहे, पण तो शब्दांच्या क्रमांकाचा: पोझिशन इन्क्रिमेंट गॅप दोन व्हॅल्यूंमध्ये तेवढे क्रमांक मोकळे सोडतो. हायलाइट ठरतो ऑफसेटवर, म्हणजे शब्द कितव्या अक्षरापासून कितव्यापर्यंत आहे त्यावर. ऑफसेट अक्षरं मोजतो आणि त्याचा गॅप वेगळा असतो. ल्युसीनमध्ये (इलास्टिकसर्च जिच्यावर उभं आहे ती लायब्ररी) तो मुळात 1. समजा शाखांच्या फील्डमध्ये ‘दादर पूर्व’ आणि ‘अंधेरी पश्चिम’ अशा दोन व्हॅल्यू आहेत. पहिली 0 ते 10. (काना, मात्रा, हलन्त सगळं सुटं मोजलं जातं, म्हणून ‘पूर्व’ची पाच.) त्यात 1 मिळवला की ‘अंधेरी’ 11 ते 17. दुसरी व्हॅल्यू पुन्हा शून्यापासून मोजली जात नाही, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही.

पोझिशनचा गॅप शून्य केलात तर ‘पूर्व अंधेरी’ हा फ्रेज (लागोपाठचे शब्द) शोधणाऱ्यालाही ही नोंद सापडेल. आणि हायलाइट होता तिथेच राहील!

मग तो सरकतो कशाने? बहुतेकदा घरी लिहिलेल्या टोकनायझरमुळे, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणाऱ्या कोडमुळे. व्हॅल्यूचा शेवटचा ऑफसेट त्याच्या एंड मेथडमध्ये (शब्द संपल्यावर चालणाऱ्या भागात) द्यावा लागतो, शेपटाला राहिलेली स्पेस धरून. ‘दादर पूर्व’नंतर एक स्पेस असेल तर तो 11 हवा, टोकनायझरने 10 दिला, की पुढच्या व्हॅल्यूतला प्रत्येक हायलाइट एक अक्षर मागे. आधी ती मेथड तपासा, दुरुस्त करा आणि इंडेक्स नव्याने बांधा.