जलपर्णी शेततळ्यात सोडू नका, मामा

‘उजनीच्या काठावर मिळणारं निळं कमळ शेततळ्यात सोडा. पाणी शुद्ध होतं, पांघरूण पडल्यामुळे बाष्पीभवन थांबतं, डास होत नाहीत, उरलेलं जनावरांना चारा.’ हा मेसेज सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. काल तो सांगोल्याच्या मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली विचारलं, ‘दहा रोपं आणतो, चालेल ना?’ अजिबात चालणार नाही.

आधी नाव. फोटोतलं फूल कमळाचं नाहीच, ती जलपर्णी आहे. कमळाची मुळं चिखलात रुतलेली असतात. ही पाण्यावर तरंगते, देठ फुगीर आणि दाबला तर स्पंजासारखा. वरच्या पाकळीवर निळ्या डागात पिवळा ठिपका असतो, मोरपिसाच्या डोळ्यासारखा. मूळची दक्षिण अमेरिकेतली.

आता सगळ्यात घातक मुद्दा, बाष्पीभवनाचा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये डाळिंबाची बाग तळ्यातल्या शेवटच्या पाण्यावर जगते, म्हणून हे वाक्य लोकांना पटतं. पण जलपर्णी म्हणजे ताडपत्री नव्हे. ती मुळांनी पाणी ओढते आणि पानांतून हवेत सोडते. पानं पाण्याच्या वर उभी, त्यांना गरम वारा चारी बाजूंनी लागतो. छोट्या तळ्यात उघड्या पाण्यापेक्षा जास्तच पाणी उडतं. खात्री करायची तर एकाच मापाची दोन प्लॅस्टिकची घमेली उन्हात शेजारी ठेवा. एकात तीन-चार रोपं सोडा, मग दोन्हींत पाण्याची पातळी सारखी करून खूण करा. आठ दिवसांनी कुठलं पाणी जास्त उतरलं ते बघा.

आणि दहा रोपं दहा राहत नाहीत. प्रत्येक रोप आडवे धुमारे टाकतं, त्यांच्या टोकाला नवं रोप. बोअरच्या स्वच्छ पाण्यात वाढ सावकाश होते, पण तळ्यात मासे सोडलेत किंवा शेणखताचं पाणी उतरतं, तर उन्हाळ्यात दोन आठवड्यांत दुप्पट धरा. बारा आठवड्यांत ६४०, चोवीस आठवड्यांत जवळपास ४१ हजार! कुजलेली पानं-मुळं पंपाच्या पाण्यातल्या तोंडावर, फूटव्हॉल्व्हवर बसतात, ठिबकचा वाळूचा फिल्टर वारंवार उलट्या पाण्याने धुवावा लागतो, तरी ठिबक तुंबतं. दाताळ्याने ओढायला गेलात तर तळ्याच्या तळाशी अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद फाटतो.

बंगालमध्ये ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेसाठी आली. नद्या, खाड्या, भातशेती तिने इतकी अडवली, की १९३६ मध्ये तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. ती लावायला बंदी आणि आपल्या जागेतली काढायची जबाबदारी कब्जेदारावर! हा मेसेज पाठवणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

पाणी शुद्ध होतं, यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. नत्र, स्फुरद, जड धातू ती शोषते. पण ठरावीक दिवसांनी उपसून बाहेर टाकली तरच. तळ्यात मेली की शोषलेलं बरंचसं पाण्यात परत, वर कुजताना प्राणवायू संपून मासे मरतात. सोलापूरच्या संभाजी तलावावर ती माजली ती सांडपाण्यावर; पाणी घाण आहे याची ती खूण, इलाज नव्हे.

डासांचं तर उलटंच. काही डासांच्या अळ्या तिच्या मुळांना चिकटून तिथूनच हवा घेतात. चारा म्हणाल तर नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, आणि सांडपाण्यातली असेल तर जड धातू जनावराच्या पोटात.

कुणी आधीच सोडली असेल तर फूल येण्याआधी हाताने काढा. बी तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. तुटलेले धुमारेही जाळीने गोळा करा, एक राहिला तरी पुरतो. काढलेलं पाण्यापासून लांब, उन्हात वाळवा. मग तुकडे करून शेणाबरोबर थरांनी खत करता येतं. फुललेली झाडं मात्र खतात नकोत, बी शेतभर जाईल. टू-फोर-डी हे तणनाशक फवारायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका. तेच पाणी ठिबकने जाणार आणि द्राक्षवेल त्याला फार नाजूक असते. नंतर दर आठ दिवसांनी तळ्याला फेरी मारा. पाणी आटताना उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर रोपं उगवतात, तेव्हा बोटाएवढी असतानाच उपटा.